गोष्टीतला 'का' कुणी पळवला?

(वस्तीतल्या वाचनालयात तरुण कार्यकर्त्यांपुढं झालेलं भाषण. बोललो तसंच छापायला दिलं आहे. मध्ये चहा आला तेव्हाच्या गप्पा तेवढ्या गाळल्या.)



मला निरोप आला की सिनेमावर बोला. मी म्हटलं, अरे, मी समीक्षक-बिमीक्षक नाही. फेस्टिव्हलचा पास माझ्या गळ्यात कधी लटकला नाही. मी स्टॉलात बसून पिक्चर बघितलेला माणूस. पुढून तिसरी रांग. तिथून हीरो नाकाच्या भोकांसकट दिसतो. तर जे बोलणार ते त्याच खुर्चीवरून बोलणार. बाल्कनीतल्यांना ऐकू आलं नाही तर त्यांनी खाली यावं.

गेल्या दिवाळीत भाचरांना घेऊन पिक्चरला गेलो होतो. मल्टिप्लेक्समध्ये. चार तिकिटं, दोन पॉपकॉर्न, एक पाण्याची बाटली. पोरांची आई कंत्राटदाराकडं झाडू मारते. तिच्या दिवसाच्या मजुरीपेक्षा जास्त पैसे पडदा उजळायच्या आधीच गेले. पिक्चर कुठला ते सांगत नाही, कारण शेजारच्या पडद्यावरचा बघितला असता तरी आतला माल तोच निघाला असता. हीरो बराच वेळ नुसता येतच होता. आधी बूट आला. मग पाठ आली. मग सिगारेट. मग धूर. मग धुरातून एकदाचा हीरो आला आणि त्यानं चाळीसएक माणसं हवेत उडवली. पोरं किंचाळली. शिट्ट्या पडल्या. त्यात एक माझीपण होती, खोटं कशाला बोलू.

परतताना घाटकोपरला लोकल धरली. धाकट्या भाचीला विचारलं, "काय गं होती गोष्ट?" ती म्हणाली, "मामा, त्यानं सगळ्यांना मारलं." म्हटलं, "का मारलं?" पोरगी विचारात पडली. कुर्ला गेलं, सायन गेलं, माटुंगा गेलं. दादरला उतरताना म्हणाली, "ते दाखवलंच नाही."

बास. माझं भाषण त्या पोरीनं दादरच्या प्लॅटफॉर्मवर करून टाकलंय. आता मी पुढं जे बोलणार ते तिच्या एका वाक्याची फोड.

माझी आजी निरक्षर होती. पण गोष्ट सांगताना तिची एक अट असायची. ऐकणाऱ्यानं हुंकारा द्यायचा. हुंकारा थांबला की गोष्ट बंद. आम्ही 'हं' म्हणायचो, 'मग?' म्हणायचो आणि ती पुढं जायची. पण मधूनच एखादं पोर विचारायचं, "आजे, राणीला राजानं का हाकललं?" तेव्हा आजी थांबायची. पदर सारखा करायची. कारण 'मग'चं उत्तर सोपं असतं, ते कुणीही देतं. 'का'चं उत्तर द्यायला डोकं लागतं आणि हिंमतही लागते. 'का' सांगितला की राजा उघडा पडतो.

आजचा बाजारू सिनेमा नुसता 'मग' विकतो. मग गाडी उडाली. मग गाणं आलं. मग बाप मेला. मग दुसरा भाग येणार. लोक म्हणतात, हल्ली पिक्चरला गोष्टच राहिली नाही, लेखक आळशी झाले. मला ते पटत नाही. लेखक आळशी नाहीत. 'का' हरवलेला नाही, पळवलेला आहे. कारण या देशात कुठल्याही गोष्टीचा 'का' खणायला घेतला की चार हातांवर जात लागते. जात नाही लागली तर जमीन लागते. जमीन नाही तर मजुरी. बहुतेक वेळा तिन्ही एकाच खड्ड्यात सापडतात. ज्याला तो खड्डा दाखवायचा नाही, त्याला गोष्ट सांगताच येणार नाही. मग तो धूर सोडतो.

'का' विचारायची ही खोड आपली जुनी आहे. जोतीराव फुल्यांनी १८५५ साली 'तृतीय रत्न' नावाचं नाटक लिहिलं. गोष्ट साधी. एक जोशी कुणब्याच्या गरोदर बायकोला ग्रहांची भीती घालतो आणि नवराबायकोला लुबाडतो. पण जोतीराव नुसतं लुबाडणं दाखवून थांबत नाहीत. नाटकात एक विदूषक आहे. तो सारखा मध्ये तोंड घालतो आणि जोशी असं का वागतोय, कुणबी त्याला का भुलतोय, हे प्रेक्षकाला उकलून दाखवतो. शेवटी ती दोघं शिकायचं ठरवतात. म्हणजे विदूषकाच्या तोंडात 'का' घातला तेव्हा नाटकाची गोष्ट झाली. हे नाटक जोतीरावांनी दक्षिणा प्राइज कमिटीकडं दिलं. भटमंडळींच्या विरोधापुढं कमिटीनं ते नाकारलं. ही कमिटी लक्षात ठेवा. भाषण संपायच्या आत ती पुन्हा येणार आहे.

आता सिनेमाकडं. बिमल रॉयचा 'दो बिघा जमीन' १९५३ चा. शंभूची दोन बिघे जमीन जमीनदाराला कारखान्यासाठी हवी आहे. शंभू देत नाही. मग कर्जाचा आकडा फुगतो, अडाणी माणसाचा हिशोब लबाडाच्या वहीत असतो. कोर्ट मुदत देतं. शंभू कलकत्त्याला जाऊन माणसं ओढतो. घोड्याच्या जागी माणूस. शेवटी गावी येतो तर जमिनीवर कारखाना उठतोय. तो मूठभर माती उचलतो, तर रखवालदार तीही टाकायला लावतो. बघा, यात एक गोष्ट दुसरीतून निघते. एक कडी काढली तर साखळी तुटते. याला गोष्ट म्हणतात.

आणि हे फक्त रडक्या पिक्चरांचं नव्हतं. 'दीवार' १९७५ चा, पक्का धंदेवाईक. मी तो आमच्या चाळीच्या मैदानात पडदा बांधून बघितला, जयंतीच्या आठवड्यात. १९८२ च्या गिरणीसंपानंतरचे दिवस. माझा बाप बदली कामगार. संपात बाहेर पडला तो परत आत गेलाच नाही. तर पिक्चरमध्ये कामगारांचा पुढारी मालकाच्या कागदावर सही करतो, कारण मालकानं त्याची बायकोपोरं धरलेली असतात. कामगार त्याला गद्दार ठरवतात. त्याच्या पोराच्या हातावर गोंदतात की याचा बाप चोर आहे. माझा बाप शेजारी मांडी घालून बसलेला. म्हणाला, "सही का केली, हे कुनी इचारलंच न्हाई त्याला." एवढंच बोलला आणि विडी पेटवली.

तुम्हांला यातलं काय समजलं मला माहीत नाही. संप चालू असताना जे लोक गुपचूप कामावर गेले, त्यांच्याशी माझ्या बापानं बोलणं टाकलं होतं. समोरच्या खोलीतला एक जण त्यातलाच. त्याची बायको तेव्हा अंथरुणावर होती. दुसऱ्या दिवशी सकाळी बाप उठला, त्याच्या दारात गेला आणि चहा पिऊन आला. आईला कळेना काय झालं. मला कळलं होतं. सलीम-जावेदनं लिहिलेल्या एका धंदेवाईक पिक्चरनं एका गिरणी कामगाराला 'का' विचारायला लावला होता. गोष्टीत ही ताकद असते. म्हणून ती गेली याचं मला दुःख आहे. करमणूक कमी झाली म्हणून नाही.

पण थांबा. जुनं ते सोनं असलं गाणं मी इथं गाणार नाही. ते गाणं म्हणायला दुसरे लोक आहेत, त्यांच्या बंगल्यात जुन्या रेकॉर्डी आहेत. आपण जुन्याचीही झडती घेऊ. 'अछूत कन्या' १९३६ चा. फाटकवाल्याची अस्पृश्य पोर आणि ब्राह्मणाचा पोरगा. प्रेम आहे, लग्न नाही. शेवटी गाडीखाली कोण मरतं? ती. 'सुजाता' १९५९ चा. ब्राह्मणाच्या घरात वाढलेली अस्पृश्य पोर. तिला मुलगी म्हणून घरात घेतात केव्हा? आईसाठी रक्त देते तेव्हा. आपल्या पोरींनी एक तर मरायचं, नाहीतर रक्ताची बाटली भरायची, मग टाळी. आणि 'दीवार'चा विजय? गोदीत हमाली करतो आणि आडनाव वर्मा! गोदीतल्या हमालांत वर्मा किती होते हो? आमच्या चाळीतले निम्मे लोक गोदीत होते, एक वर्मा नव्हता.

म्हणजे जुना सिनेमाही आपल्याशी खोटं बोलत होता. फरक इतकाच की त्याला खोटं बोलण्यासाठी मेहनत करावी लागायची. पोरगी गाडीखाली मारायची तर आधी फाटक दाखवावं लागायचं, फाटकवाला दाखवावा लागायचा, गावातलं भांडण दाखवावं लागायचं. त्या दाखवण्यात खरं काहीतरी निसटून पडद्यावर यायचं. आता तेवढीही मेहनत नको झालीय.

का नको झालीय? इथंपण 'का' विचारू, नाहीतर आपल्यात आणि त्यांच्यात फरक काय.

पूर्वी पिक्चर आठवडे मोजायचा. पंचवीस आठवडे झाले की ज्युबिली. 'शोले' मिनर्व्हाला पाच वर्षं चालला. इतकं चालायचं तर पहिल्या आठवड्यात बघून गेलेल्यानं दुसऱ्याला सांगायला पाहिजे, 'जा, बघून ये.' आणि सांगायचं म्हणजे गोष्टच सांगणार ना माणूस? नळावर, गेटवर, लोकलच्या दारात. त्या सांगण्यावर पिक्चर जगायचा. पुढं १९९७ साली दिल्लीत देशातलं पहिलं मल्टिप्लेक्स निघालं. १९९८ साली सरकारनं सिनेमाला उद्योगाचा दर्जा दिला. कंपन्या आल्या. स्टॉलवाल्या टॉकीजा एकेक करून बंद पडल्या, काहींच्या जागी मॉल उठले. आता पिक्चर हजारो पडद्यांवर एकाच शुक्रवारी सोडतात आणि रविवार रात्रीपर्यंत गल्ला मोजतात. तीन दिवस! तीन दिवसांत कोण कुणाला गोष्ट सांगणार? तीन दिवसांत चालते ती जाहिरात. म्हणून पिक्चर लिहितानाच जाहिरातीचे तुकडे लिहितात आणि मग तुकडे शिवतात. ती गोधडी आहे, पण आपल्या आयांनी शिवलेल्या गोधडीला निदान ऊब असायची.

दुसरं, पैसा. सगळ्यात मोठा वाटा नटाचा. लेखक सगळ्यात शेवटी. हे आजचंच नाही. १९७३ साली 'जंजीर' लागला तेव्हा सलीम-जावेदनी पेंटर पाठवून मुंबईतल्या पोस्टरांवर स्वतःची नावं रंगवून घेतली, हा किस्सा प्रसिद्ध आहे. ज्यानं गोष्ट दिली त्यालाच नाव भिंतीवर चढवायला रंगाचा डबा धाडावा लागला. तिसरं, धोका नको. जे चाललं तेच परत. २०२४ सालचे गाजलेले पिक्चर आठवा. 'स्त्री २'. 'पुष्पा २'. 'भूलभुलैया ३'. 'सिंघम' पुन्हा, तर नावच 'सिंघम अगेन'. पिक्चरच्या नावापुढं आकडे यायला लागले, रेशनच्या टोकनसारखे.

'पुष्पा'चंच घ्या. पहिला भाग २०२१ चा, तेलुगू. रक्तचंदन तोडणारा मजूर पोरगा. बापाचं आडनाव त्याला लावू देत नाहीत. आयला, इथं गोष्ट होती! आडनाव नाकारणं म्हणजे काय, ते आपल्याला कुणी शिकवायला नको. पण दुसऱ्या भागात तोच मजूर मुख्यमंत्र्यानं फोटो काढू दिला नाही म्हणून मुख्यमंत्रीच बदलायला निघतो. आडनावाची गाठ शेवटी मारतात, नाही असं नाही. पण जंगलात त्याच्याबरोबर कुऱ्हाड चालवणारे बाकीचे मजूर कुठं गेले? ते हीरोच्या मागं उभे आहेत. टाळ्या वाजवायला.

किंवा २०२३ चा 'जवान'. त्यात कर्जापायी मेलेला शेतकरी आहे. दवाखान्यात ऑक्सिजनविना मेलेली लेकरं आहेत. हे विषय घेतले याबद्दल मी शिव्या देणार नाही, थेटरात माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. पण हे दुखणं पडद्यावर किती वेळ राहतं? काही मिनिटं. मग शाहरुख खान येतो आणि मंत्र्याला धरून काही तासांत निकाल लावतो. शेतकरी का मेला याचं उत्तर काय निघतं? एक वाईट व्यापारी होता, एक वाईट मंत्री होता. त्याला मारला, प्रश्न मिटला. अरे, बाजारभाव कुणी ठरवला? कर्ज कुणाला मिळतं आणि कुणाला नाही? ज्याच्या नावावर जमीनच नाही तो शेतमजूर कुठल्या यादीत? हे विचारलं असतं तर पिक्चर लांबला नसता. उलट त्याला कणा आला असता.

आता मी मुद्द्याच्या अगदी मुळाशी येतो. जात काढली की गोष्टीचं काय होतं, याचा पंचनामाच करून दाखवतो. दोन पिक्चर. गोष्ट एकच. 'सैराट', २०१६. आणि त्याचा हिंदी रिमेक 'धडक', २०१८.

नागराज मंजुळेच्या 'सैराट'मध्ये आर्ची पाटलाची, परश्या मासे धरणाऱ्याचा. पहिल्या अर्ध्या भागात नाचगाणी आहेत, आपण सगळे थेटरात नाचलो. पण त्या नाचाखाली पाटलाचं गाव दिसत राहतं. पाटलाचा पोरगा भर वर्गात लोखंडे सरांच्या कानफटात मारतो. प्राध्यापकाच्या! आणि काही होत नाही. त्या एका थपडेत शेवटचा खून लिहिलेला आहे. ज्या गावात मास्तरला मारून कुणाच्या केसाला धक्का लागत नाही, त्या गावात प्रेम करून कोण जिवंत राहणार? पुढं दोघं हैदराबादला पळतात. झोपडपट्टीत राहतात. आर्ची कारखान्यात कामाला लागते. बुलेटवर फिरणारी पाटलीण पाण्यासाठी, संडाससाठी रडते. पाटीलकी अंगावरून कशी उतरते ते दिसतं. मग माहेरचे लोक आहेर घेऊन येतात, चहा पितात. आणि ते पोर रक्तात पाय भरून बाहेर येतं. आवाज बंद. मी थेटरात बघितलं, लोक दिवे लागल्यावरही उठत नव्हते.

आता 'धडक'. गाव गेलं, उदयपूर आलं. राजवाडे, तलाव, झकपक कपडे. पोरगी बड्या पुढाऱ्याची, पोरगा हॉटेलवाल्याचा. जात? एकदोन वाक्यांत उरकली. पळतात ते कलकत्त्याला. गाणी तीच, पळणं तेच, पोर तेच. शेवटी पोरगा आणि लेकरू वरून खाली फेकले जातात. पोरगी वाचते. मी बघत होतो आणि मला काही होईना. शेजारचा माणूस दचकला, पण रडला नाही. का? कारण कुणी कुणाला का मारलं हे शरीराला कळलंच नव्हतं. बापाला राग आला म्हणून मारलं. राग तर सगळ्याच बापांना येतो. 'सैराट'मध्ये राग येत नाही हो, तिथं रीत पाळतात. शांतपणे. चहा पिऊन. जात काढल्यावर खून उरला, कारण गेलं. कारण गेल्यावर तो अपघात झाला. आणि अपघाताला कुणी गोष्ट म्हणत नाही.

यावर शहाणे लोक काय म्हणतात? 'जात आणली की पिक्चर बोअर होतो, ते आर्ट फिल्मवाल्यांना ठेवा.' अरे, 'सैराट' मराठीतला सगळ्यात जास्त गल्ला जमवणारा पिक्चर ठरला, हा तुमच्याच बाजाराचा हिशोब आहे. तामिळमध्ये जा. मारी सेल्वराजचा 'कर्णन', २०२१. धनुषसारखा स्टार, गाणी, हाणामारी, सगळं आहे. गोष्टीचं मूळ काय? गावात बस थांबत नाही. एवढंच. सुरुवातीलाच एक पोर रस्त्यात तडफडून मरते आणि बसगाड्या बाजूनं निघून जातात. बस का थांबत नाही, या एका 'का'मधून अख्खा पिक्चर पेटतो. शेवटची मारामारी बघताना मी खुर्चीत बसू शकत नव्हतो, कारण पहिल्या रीळापासून मी त्या बसची वाट बघत होतो.

आणि 'फँड्री' बघा. डुकराच्या मागं अख्खं घर धावतंय आणि शाळेतून राष्ट्रगीत सुरू होतं. सगळे जागच्या जागी उभे. बापाचे हात मोकळे आणि समोर डुक्कर. एक गाडी उडवली नाही, एक गोळी झाडली नाही, आणि छातीवर धोंडा ठेवल्यासारखं होतं. 'कोर्ट'मध्ये गटारात मेलेल्या कामगाराची बायको साक्ष देते. नवरा आधी खडा टाकायचा. झुरळं बाहेर आली तर आत हवा आहे असं समजायचा. कोट्यवधीच्या सेटवर जे उभं राहत नाही ते एका बाईनं सपाट आवाजात उभं केलं. आणि १९७५ चा तो विजय, वर्मा आडनावाचा, २०२२ साली नागराजच्या 'झुंड'मध्ये पुन्हा विजय होऊन आला आणि बाबासाहेबांच्या फोटोसमोर उभा राहिला. सत्तेचाळीस वर्षं लागली त्या विजयला तिथवर यायला. 'झुंड' गल्ल्यावर 'सैराट'सारखा चालला नाही, हेही सांगतो. आपल्याला सोयीचं तेवढंच सांगायचं, हा त्यांचा धंदा.

मी म्हटलं होतं ती कमिटी परत येणार. आली. २०२५ साली जोतीराव-सावित्रीबाईंवर 'फुले' नावाचा हिंदी पिक्चर आला. ११ एप्रिलला, जोतीरावांच्या जयंतीला लागायचा होता. काही ब्राह्मण संघटनांनी ओरड केली, सेन्सॉर बोर्डानं बदल सांगितले, पिक्चर २५ एप्रिलला लागला. काय बदलायला लावलं? महार, मांग, पेशवाई हे शब्द. म्हणजे जोतीराव ठेवा, पगडी ठेवा, शाळा ठेवा, शेण फेकणारे ठेवा. पण शाळेत कोण पोरं येत होती आणि त्यांना कुणी येऊ दिलं नव्हतं, त्यांची नावं काढा. गोष्ट ठेवा, 'का' काढा! १८५५ ची कमिटी आणि २०२५ चं बोर्ड. मध्ये १७० वर्षं. कात्री तीच, नुसती धार लावून घेतलीय.

आता घरचं सांगतो. आपल्यातलाच एक पोरगा इथं मागच्या रांगेत बसलाय. नाव घेत नाही, लाजेल. त्याचा चुलता गटार साफ करायला उतरला आणि वर आला नाही. या पोरानं त्यावर पिक्चरची गोष्ट लिहिली. दोन वर्षं लिहिली, वॉचमनची रात्रपाळी करत. अंधेरीच्या एका ऑफिसात घेऊन गेला. एसीत बसवलं, कॉफी दिली. साहेब म्हणाले, इमोशन छान आहे. पण जात काढून टाक. त्याला नुसता गरीब कर. गरीब सगळ्यांना चालतो.

पोरगा घरी आला आणि मला म्हणाला, "दादा, मी खरंच काढून बघितली. पण मग तो गटारात का उतरतो तेच मला लिहिता येईना. गरीब तर आपल्या गल्लीत भय्या पण आहे, भटजी पण आहे. ते का नाही उतरत?"

दोस्तांनो, २०१३ साली कायदा झाला. मैला साफ करायला माणूस लावायचा नाही. साधनांशिवाय गटारात उतरवायचा नाही. कायदा आहे तरी माणूस उतरतो. आणि दर वेळी उतरणारा आपल्याच घरातला असतो. का? हीच तर गोष्ट आहे! जात काढ म्हणणाऱ्या त्या साहेबाला आपण फार काही मागितलं असं वाटत नसेल. त्यानं त्या पोराकडं चुलत्याच्या मरणाचं कारण मागितलं होतं. टोपलीत टाकायला.

शेवटी आपल्या स्वतःच्या तंगड्यात तंगडी घालतो. रागवू नका. तुमच्या मोबाइलमध्ये बाबासाहेबांची रीलं आहेत. बाबासाहेब चालत येतात. स्लो मोशन. मागं त्याच पिक्चरचं ढ्यँण ढ्यँण म्युझिक. छाती भरून येते, माझीपण येते. पण ही त्यांचीच एंट्री आहे, बूट-पाठ-धूरवाली. महाडचं रील बघितलं परवा. बाबासाहेब तळ्यावर, ओंजळीत पाणी, म्युझिक, खतम. १९२३ साली मुंबईच्या कौन्सिलात बोल्यांचा ठराव झाला होता, की सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले. ठराव १९२३ चा आणि ओंजळ १९२७ ची. कागदावर पाणी आपलं होतं, तरी प्यायला चार वर्षं आणि एक सत्याग्रह का लागला? हे त्या रीलात नाही. आपणच बाबासाहेबांना हीरो करून 'का' गाळायला लागलो, तर सेन्सॉरला पगार कशाला पाहिजे?

म्हणून माझं मागणं फार नाही. पिक्चर बघू नका असं सांगणार नाही. बघा, शिट्ट्या मारा. पण घरी येताना एकमेकांना विचारा, का मारलं, का मेला, का पळाले. उत्तर नसेल तर समजा, खिसा कापला गेला. आणि ज्यांच्या हातात मोबाइल आहे, म्हणजे सगळ्यांच्याच, त्यांनी आपल्या गल्लीतली एकेक गोष्ट धरावी. मोठी नको. नळ कुणाच्या दारात आहे आणि का. स्मशान लांब का. शाळेतून कोण आधी गळतं आणि का. एक 'का' धरून शेवटपर्यंत जायचं. मध्येच धूर सोडायचा नाही.

माझं झालं. आता हा मागचा पोरगा पुढं येईल. त्यानं ती गोष्ट फाडलेली नाही. जात परत घातलीय आणि चुलत्याचं खरं नावही घातलंय. तो आज पहिल्यांदा लोकांपुढं वाचणार आहे. तासभर लागेल. कुणी उठू नका. हुंकारा द्या. आणि जिथं तुम्हांला 'का' कळणार नाही, तिथं त्याला थांबवा.

ये रे. लाजू नको. पंखा बंद करा कुणीतरी, कागद उडतील त्याचे.